वस्तीत साथ आली की नियम पाळण्याचा खर्च कोण उचलतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मुंबईत विक्रोळी पार्कसाइटला डोंगरउतारावरच्या वस्तीत राहता, तिथल्या गणेशोत्सव मंडळाचं काम करता. पुढची साथ आली तर वस्तीची काहीतरी तयारी असावी असं तुम्हाला वाटतं. पण मंडळातले काही जण म्हणतात, कोविडमध्ये झोपडपट्ट्या तरल्या, धारावीचं तर जगभर कौतुक झालं, आपल्या लोकांची प्रतिकारशक्तीच दांडगी, मग तयारी कशाला? त्यांना काय उत्तर द्यायचं आणि तयारी म्हणजे नेमकं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर आहे. पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये बरीच वर्षं दवाखाना चालवते आणि २०२० मध्ये घरोघरच्या तपासणीतही होते. त्यावरून जे समजलं ते सांगते.

आधी प्रतिकारशक्तीचं बघू. जुलै २०२० मध्ये मुंबईत दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या बाजूच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं मोठं सर्वेक्षण झालं. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यात होत्या. वस्त्यांमधल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण) सापडली. वस्तीबाहेर, इमारतींमध्ये, हे प्रमाण १६ टक्के होतं. म्हणजे साथ सुरू होऊन चार महिने होतात न होतात तोच वस्तीतल्या निम्म्याहून जास्त लोकांना संसर्ग होऊन गेला होता. इमारतीतला माणूस दार लावून बसू शकला, वस्तीतला बसू शकला नाही, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. वस्तीतल्या माणसाचं शरीर वेगळ्या घडणीचं असतं असं त्यातून अजिबात निघत नाही.

मग मृत्यू त्या मानाने कमी का दिसले? मुख्य कारण वय. आपल्या वस्त्यांमध्ये कमावत्या वयाची माणसं आणि मुलं जास्त, साठीच्या पुढची कमी, आणि कोविड प्रामुख्याने म्हाताऱ्यांचा जीव घेत होता. शिवाय बरीच म्हातारी आणि आजारी माणसं त्या काळात गावी गेली; तिथे जे दगावले ते मुंबईच्या हिशेबात आले नाहीत. घरीच दगावलेल्या प्रत्येकाची चाचणी झाली होती असंही नाही.

तुमच्या मित्रांना एक गोष्ट आवर्जून सांगा. पुढची साथ वय बघून तरुणांना सोडेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना उचललं होतं. त्या वर्षीची मुंबईची आकडेवारी जातीधर्मानुसार नोंदलेली आहे: युरोपीय रहिवाशांमध्ये हजारी साधारण ८ मृत्यू, आणि ज्यांना तेव्हाच्या कागदांत ‘खालच्या जातीचे’ म्हटलं जायचं त्या हिंदूंमध्ये हजारी ६१ च्या वर. शहर एक, विषाणू एक, हवा एक. फरक होता तो घराचा, अन्नाचा आणि आजारपणात कामावर न जाण्याची मुभा कुणाला होती याचा.

हीच मुभा माझ्या मते सगळ्याच्या मुळाशी आहे. साथीत सरकार जी सूचना देतं, तिला पाळण्याचा एक खर्च असतो. घरी थांबा. हात धुवा. अंतर ठेवा. लक्षणं दिसली तर चाचणी करा, चाचणी पॉझिटिव्ह आली तर वेगळे राहा. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या घरात हा खर्च जवळपास शून्य असतो. वस्तीत तोच खर्च एक दिवसाची मजुरी, चार हंडे पाणी, शेजाऱ्यांचा रोष आणि कधीकधी भाड्याची खोली एवढा असतो. लोक नियम पाळत नाहीत, अडाणी आहेत, असं बाहेरून बोललं जातं. माझ्या दवाखान्यात मला अडाणी माणसं फारशी भेटली नाहीत. ज्यांना तो खर्च परवडत नव्हता अशी माणसं मात्र रोज भेटली.

हात धुण्याचाच हिशेब करून बघा. घरात पाच माणसं, प्रत्येकाने दिवसातून दहा वेळा साबणाने हात धुतले, दर वेळी काटकसरीने अर्धा लिटर पाणी वापरलं, तरी पंचवीस लिटर झाले. म्हणजे दोन हंडे, निव्वळ हातांसाठी. डोंगरउतारावरच्या वरच्या गल्ल्यांत पाण्याचा दाब पोचत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथली बाई ते दोन हंडे खालून चढवून आणते किंवा विकत घेते. कुठलं पाणी कशाला, हे तिला रोज ठरवावं लागतं, आणि त्यात हात धुण्याचा नंबर स्वयंपाकाच्या आणि पिण्याच्या नंतर लागणार. तिला हात धुण्याचं पोस्टर दाखवून काही होत नाही. नळाचं पाणी अर्धा तास जास्त सोडलं तर होतं.

वेगळं राहण्याचंही तसंच. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसं, वर पोटमाळा, त्यावर पत्रा. आजाऱ्याला पोटमाळ्यावर ठेवा असं लोक सुचवतात. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली दुपारी दोन वाजता ताप आलेल्या माणसाला ठेवलं तर साथीआधी उष्माघाताने तो आडवा होईल. बरं, लघवीला त्याला खाली उतरून सार्वजनिक शौचालयातच जायचंय. मुंबईतली ४० टक्क्यांहून जास्त माणसं २०११ च्या जनगणनेनुसार वस्त्यांमध्ये राहतात. शहराच्या एवढ्या मोठ्या भागाला घरगुती विलगीकरण लागूच होत नाही, हे कुठल्याही योजनेच्या पहिल्या पानावर असायला हवं.

आता हा खर्च कुणी न उचलता नियम लादले की काय होतं, याचा जुना दाखला मुंबईतच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गोमंतकीय डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. त्यानंतर घरोघर झडत्या, रोग्याला उचलून रुग्णालयात नेणं, घरावर चुना मारणं, छपरं उघडून टाकणं, सामान जाळणं असं सत्र सुरू झालं. रोगी सापडला तर माणूस जाणार, घर मोडणार, कामही जाणार. लोक रोगी लपवू लागले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ अर्धं शहर मुंबई सोडून गेलं होतं, आणि जाताना प्लेगही सोबत गेला. त्याच वर्षी साथरोग कायदा आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने लागू केला तो हाच. त्याच १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता प्लेगनेच वारल्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रोग्यांना घेऊन येत होत्या. म्हणजे लोक दवाखान्यालाच घाबरत होते असं नाही. विश्वासाचं माणूस न्यायला आलं तर ते जात होते.

आणि आता धारावी. मंडळातले तुमचे मित्र जिचं उदाहरण देतात तिथे नेमकं काय झालं ते नीट बघितलं तर त्यांच्या म्हणण्याच्या उलटच निघतं. १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. सव्वादोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये साडेआठ लाख लोक, त्यातले साधारण ८० टक्के सार्वजनिक शौचालयावर अवलंबून. रुग्ण येईपर्यंत थांबण्याऐवजी महापालिकेच्या जी-उत्तर वॉर्डाने (धारावी त्यातच येते) त्याच्या दारात जाऊन शोध सुरू केला. माहीम-धारावीतल्या खाजगी डॉक्टरांच्या संघटनेचे डॉक्टर पीपीई किट घालून उन्हात गल्ल्यागल्ल्यांत फिरले. ताप तपासणीची शिबिरं लागली. शाळा, लग्नाचे हॉल, क्रीडा संकुल ताब्यात घेऊन तिथे विलगीकरण केलं, आणि तिथे दोन वेळचं जेवण, औषध, डॉक्टर सगळं फुकट होतं. शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली जात होती. बंद केलेल्या गल्ल्यांमध्ये धान्याची पाकिटं आणि शिजवलेलं अन्न पोचत होतं. १० जुलै २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं, २५ डिसेंबरला पहिल्यांदा तिथे एकही नवा रुग्ण आला नाही.

यात काही त्रुटी नव्हत्या असं मी म्हणणार नाही, आणि तेव्हा धारावीकडे जितकी नजर होती तितकी मानखुर्द-गोवंडीकडे नव्हती हेही खरं. पण जे जमलं ते का जमलं? ज्या डॉक्टरकडे घरातल्या दोन पिढ्या जातात तोच दारात आला म्हणून लोकांनी दार उघडलं. वेगळं राहण्याचा खर्च कुटुंबाऐवजी पालिकेने आणि संस्थांनी भरला म्हणून लोक राहिले. धारावी दांडग्या प्रतिकारशक्तीवर तरली असं म्हणणं हा त्या डॉक्टरांवर, आरोग्य सेविकांवर आणि सफाई कामगारांवर अन्याय आहे.

इतका वेळ मी फक्त साथीच्या रोगाबद्दल बोलले. वस्तीचं खरं नुकसान बऱ्याचदा दुसऱ्या बाजूने होतं, जे बंद पडतं त्यातून. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश बंद. नाक्यावर उभा राहणारा कामगार, धुणीभांडी करणारी बाई, फेरीवाला, जरीच्या कारखान्यात राहून काम करणारा मुलगा, कचरा वेचणारी, यांची कमाई त्या रात्री संपली. मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वे सुरू झाल्या १ मे ला. मधल्या पाच आठवड्यांत वाण्याची उधारी, भिशीचे पैसे, मंगळसूत्र, या क्रमाने घरं रिकामी होताना मी बघितली. माझ्याकडे येणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांनी गोळी अर्धी करून खायला सुरुवात केली. उच्च रक्तदाबवाल्यांनी ती बंदच केली. लकवा मारून जे पुढे अंथरुणाला खिळले, त्यांची नोंद कोविडच्या कुठल्याच यादीत नाही.

क्षयरोगाचे आकडे तर डोळ्यांत भरतात. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षय काही कमी झाला नव्हता. लाखो माणसं निदानाशिवाय, त्याच बंद खोल्यांमध्ये, घरच्यांशेजारी खोकत राहिली. या रोगाचं आणि घराचं नातं इतकं सरळ आहे की गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमधल्या पुनर्वसनाच्या इमारतींच्या अभ्यासात, ज्या खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही तिथे क्षय जास्त दिसला. म्हणून कुणी ‘झोपडी गेली, इमारत आली, आता साथीचं भय संपलं’ म्हणालं तर तेही मान्य करू नका. इमारतींमधलं अंतर आणि खिडकी कुठे उघडते ते बघा.

लसीकरणाचंही असंच. साथीच्या दोन वर्षांत बाळांच्या नेहमीच्या लसी चुकल्या आणि २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराचा उद्रेक झाला. मुलं दगावली, तीही ज्या रोगावर कित्येक दशकांपासून लस आहे त्या रोगाने. मोठ्या साथीचं बिल असं मागाहून येतं, आणि ते भरतात सगळ्यात लहान.

हे झालं वस्ती विरुद्ध शहर. पण वस्तीच्या आतही सगळे सारखे नसतात, आणि मंडळाला हे बाहेरच्या कुठल्याही संस्थेपेक्षा जास्त कळतं. स्वतःची खोली असलेला आणि भाडोत्री यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. भाडोत्र्याचं रेशनकार्ड गावी, मतदान गावी, घरमालक महिन्याच्या महिन्याला दारात. केंद्राने प्रत्येकी पाच किलो धान्य फुकट दिलं ते अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असलेल्यांना. केशरी कार्डवाल्यांना राज्याने मे-जून २०२० मध्ये गहू आठ रुपयांनी आणि तांदूळ बारा रुपयांनी दिला. ज्याच्याकडे कार्डच नाही तो देणग्यांच्या पाकिटांवर. महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे रुपये आले, पण खातं असेल आणि चालू असेल तर. शरीरविक्रय करणाऱ्या महिलांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडं धान्य द्या, हे सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. एकटी म्हातारी, अपंग, तृतीयपंथी, नवऱ्याच्या मारहाणीत दाराआड अडकलेली बाई, दिवस भरत आलेली गर्भवती: प्रत्येकाची अडचण वेगळी, आणि गल्लीत कुणाला ना कुणाला ती माहीत असते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, काय करायचं. यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी कबूल करते. रोग हवेतून पसरणारा असेल तर खोलीतला वारा आणि गर्दी महत्त्वाची. पाण्यातून पसरणारा असेल तर जलवाहिनी आणि गटार. डासांचा असेल तर पिंप आणि छपरावरचं प्लॅस्टिक. तुमची वस्ती घोषित (म्हणजे सरकारदरबारी झोपडपट्टी म्हणून नोंदलेली) आहे का, जमीन कुणाची आहे, किती घरं भाड्याची आहेत, यावर पालिका काय देईल ते ठरतं. त्यामुळे मी रोगाचं नाव काहीही असलं तरी उपयोगी पडेल तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी शौचालय, कारण कुठल्याही साथीत वस्तीतले सगळे जिथे एकमेकांना भेटतात ती जागा हीच. स्वच्छ भारतच्या निकषानुसार पंचवीस बायकांमागे एक आणि पस्तीस पुरुषांमागे एक बैठक असायला हवी. तुमच्याकडे किती आहेत ते मोजा. बंद पडलेल्या वेगळ्या मोजा, दिवे नसलेल्या वेगळ्या. रात्री पाणी असतं का बघा. देखभाल कुणाकडे आहे, वस्तीच्या संस्थेकडे की ठेकेदाराकडे, त्याचा कागद वॉर्ड ऑफिसातून मिळवा. साथीत लोकांची कमाई बंद असते तेव्हा प्रत्येक वेळचे दोन-पाच रुपयेही जड होतात, मग मुलं उघड्यावर बसतात आणि बायका पाणी पिणं कमी करतात. मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या बायका अशा वेळी माझ्याकडे रांग लावून येतात. म्हणून संकटकाळात शौचालय फुकट राहील, आणि ते साफ करणाऱ्याचा पगार व साबण-फिनाईलचा खर्च मंडळ अमुक महिने देईल, असा ठराव आत्ताच करून ठेवा. सफाई करणाऱ्याला हातमोजे आणि बूट देणं त्याच ठरावात घाला. माझा अनुभव असा की मंडळाने यातलं एवढं एकच काम नीट केलं तरी बाकीच्या दहा कामांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

पाण्याबद्दल एक कायदेशीर गोष्ट माहीत असू द्या. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाण्याचा हक्क नाकारता येणार नाही, आणि २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणलं. वरच्या गल्ल्यांत ज्यांना कागद नाहीत म्हणून जोडणी मिळाली नाही, त्यांनी पुन्हा अर्ज करावेत. साथ आल्यावर टँकर मागायला पळण्यापेक्षा हे बरं.

यादी. मंडळं यादी उत्साहाने करतात आणि तिथेच लोकांना इजा होते, म्हणून यावर जरा थांबते. कोणत्या घरात कोण एकटं आहे, कुणाची रोजची गोळी चालू आहे, कोण डायलिसिसवर, कोण गर्भवती, कुणाकडे रेशनकार्ड नाही, ही माहिती पहिल्याच दिवशी लागते. पण ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. क्षय किंवा एचआयव्हीचं नाव फुटलं तर भाडोत्र्याला खोली सोडावी लागते, मुलीचं लग्न मोडतं, मी दोन्ही बघितलंय. रोगाचं नाव लिहायची गरजच नाही. ‘औषध रोजचं, खंड चालत नाही, सरकारी केंद्रातून मिळतं’ एवढं पुरतं. विचारून, सांगून, हो म्हटलं तरच लिहायचं. वही बचत गटातल्या दोन बायकांकडे ठेवा, कारण आजारपण आणि घरातली भांडणं बायका बायकांनाच सांगतात. वॉर्डातल्या आरोग्य सेविकेला त्या वहीत सहभागी करून घ्या. तिला गल्लीतली प्रत्येक गर्भवती आधीच माहीत असते.

या वहीचा उपयोग काय, ते उदाहरणाने सांगते. रस्ते बंद झाल्यावर क्षयाच्या गोळ्या आणायला रुग्ण केंद्रापर्यंत जाऊ शकत नाही. पण मंडळाच्या एका कार्यकर्त्याला पास मिळाला तर तो पंधरा जणांच्या गोळ्या एकदम आणू शकतो. कुणाच्या आणायच्या हे कळण्यासाठी ती वही.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं असतं, म्हणून ते कुणी करत नाही. पण एक देश एक शिधापत्रिका योजनेमुळे आता बिहार-उत्तर प्रदेशातलं कार्डही इथल्या दुकानात चालतं, फक्त आधार जोडलेलं असावं लागतं आणि दुकानदाराला ते माहीत असावं लागतं. घरकामगार आणि बांधकाम कामगार यांची कल्याण मंडळात नोंदणी असली तरच मदत खात्यात येते. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी राज्याने पंधराशे रुपये दिले ते नोंदणी असलेल्यांनाच. म्हणून गणपतीच्या दहा दिवसांत मंडपात एक टेबल याच कामासाठी ठेवा. लालबागच्या राजाच्या मंडळाने २०२० मध्ये मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला होता, रक्तदान आणि प्लाझ्मादान ठेवलं होतं. तुम्ही उत्सव थांबवायला नको, त्याच मंडपात हे बसतं.

वस्तीतले डॉक्टर. पदवी कुठलीही असो, ताप आला की लोक आधी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात जातात. साथीच्या सुरुवातीला भीतीने हे दवाखाने बंद झाले आणि लोकांना कुठे जावं कळेना. त्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा: त्यांना मास्क, हातमोजे, ऑक्सिमीटर, थर्मामीटर मंडळ देईल, रुग्णांना रांगेत अंतर ठेवून उघड्यावर बसवायची सोय करेल, आणि त्यांनी दवाखाना चालू ठेवायचा, संशयित रुग्ण लगेच पालिकेला कळवायचा. त्यांना नुसतं ‘बोगस’ म्हणून बाजूला सारून कुणाचंही भलं झालेलं मी पाहिलं नाही. कुणाला कुठल्या टप्प्यावर मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, हे मात्र त्यांच्याशी स्पष्ट ठरवा.

वेगळं राहण्याची जागाही आधीच हेरून ठेवा. पालिकेची शाळा, समाजमंदिर, व्यायामशाळा. बघताना बाईच्या नजरेने बघा. शौचालयाला आतून कडी आहे का, रात्री बायकांच्या खोलीबाहेर बाई कर्मचारी असेल का, लहान मूल सोबत नेता येईल का, मागे घर उघडं राहणार तर त्यावर लक्ष कोण ठेवणार. बायका विलगीकरणाला नाही म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा यातलंच एक कारण असतं, आणि ते विचारलं तर त्या सांगतात. एखादी गल्ली बंद करायची वेळ आली, तर बंद करण्याच्या आधी धान्य, पाणी आणि दुधाची व्यवस्था लागली पाहिजे. तसं झालं नाही तर एका रुग्णामुळे साठ घरांची मजुरी बुडते, सगळे त्या घराला बोल लावतात, आणि पुढच्या गल्लीतला माणूस ताप लपवतो. चाचणी करून घेणं म्हणजे शेजाऱ्यांशी वैर, असं एकदा झालं की डॉक्टरच्या हातात काही उरत नाही.

लस येईल तेव्हाचंही डोक्यात ठेवा. मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना सुरुवातीला ऑनलाइन नोंदणीशिवाय लस मिळत नव्हती. वेळ खुली झाली की काही मिनिटांत जागा संपायच्या, आणि ज्याच्याकडे चांगला फोन आणि चांगलं नेट त्याची वस्तीतल्या केंद्रावरही पहिली पाळी. वस्तीतल्या केंद्रावर ठरावीक जागा चालत येणाऱ्यांसाठी हव्यात, आणि सकाळीच नव्हे तर कामावरून सुटल्यावरही केंद्र उघडं हवं, हे नगरसेवकाकडे आणि वॉर्ड ऑफिसात लेखी मागा.

पैशाबद्दल शेवटी. हे सगळं मंडळाच्या वर्गणीतून होणार नाही, आणि व्हायलाही नको. गल्लीतल्या गरिबाने शेजारच्या गरिबाला पोसावं ही व्यवस्था दोन आठवड्यांच्या वर टिकत नाही. मंडळाकडे पहिल्या पंधरा दिवसांपुरता निधी असावा: साबण, थोडं धान्य, रिक्षाभाडं, औषधं. त्यापुढचा खर्च पालिकेचा आणि सरकारचा आहे, आणि तो मागायला तुमच्याकडे मोजलेली शौचालयं, मोजलेली घरं आणि तारखेसह केलेले अर्ज असतील तर अधिकारी टाळू शकत नाही. मला वॉर्ड ऑफिसात ‘लोक फार हलाखीत आहेत’ म्हणून कधी काही मिळालं नाही. ‘अमुक गल्लीत इतकी घरं, इतके नळ, त्यातले इतके बंद’ म्हटल्यावर मिळालं.

सुरुवात कुठून करायची तर येत्या पावसाळ्यापासून. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये लेप्टो, डेंग्यू, गॅस्ट्रो येतातच, आणि त्यासाठी हीच वही, हेच डॉक्टर, हीच आरोग्य सेविका लागते. त्या दोन महिन्यांत काय चालतं आणि कुठे अडतं ते दिसेल. तुमची वस्ती घोषित आहे का, आणि शौचालयाच्या चालू बैठका किती, एवढं कळवा. वरच्या गल्ल्यांच्या पाण्याच्या अर्जाला काय काय जोडायचं ते मग नेमकं सांगता येईल.